बेंगळुरूची वाट आणि आठवीचा बाक

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



१९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम रीतीने उत्तीर्ण झालेल्या कमला भागवत या तरुणीने बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे प्रवेशासाठी अर्ज केला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही याच संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले होते. त्यामुळे या घराला ती वाट परकी नव्हती. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिकविजेते सर चंद्रशेखर वेंकट रामन. त्यांनी अर्ज नाकारला आणि नकाराचे कारण गुण नव्हते. अर्जदार स्त्री आहे, हे होते. कमलाबाई बेंगळुरूला गेल्या, नकाराचे कारण समोरासमोर विचारले आणि हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करायचे होते, आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये, अशीही एक अट होती. त्या वर्षातील काम पाहून रामन यांचे समाधान झाले आणि पुढे त्या संस्थेची दारे इतर मुलींसाठीही उघडली. कमलाबाईंनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम करून १९३६ साली एम.एस्सी. केली, केंब्रिजला जाऊन १९३९ साली पीएच.डी. मिळवली, आणि महाराष्ट्र त्यांना पुढे कमला सोहोनी या नावाने ओळखू लागला. मराठी वाचकाला आणखी एक ओळख पुरेल: दुर्गाबाई भागवतांच्या त्या धाकट्या भगिनी.

आज या सभागृहातील अनेक पालकांच्या मनात त्याच शहराचे आणि तशाच संस्थांचे स्वप्न आहे. स्त्री म्हणून दार बंद करणारा संचालक आता नाही. त्या जागी संगणकावरची परीक्षा, लाखो अर्जदार आणि काही शेकडा जागा आहेत. अशा दारासाठी तयारी केव्हा सुरू करावी, आणि मुळात तयारी कशाची करावी, हा आजचा विषय आहे.

प्रथम ही दारे कोणती, ते नीट पाहिले पाहिजे. भारतीय विज्ञान संस्था १९०९ साली स्थापन झाली. जमशेटजी टाटांची ती कल्पना आणि म्हैसूरच्या राजघराण्याने दिलेली ती जमीन. म्हणून बेंगळुरूचा जुना माणूस आजही तिला ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतो. जवळजवळ शंभर वर्षे ती मुख्यतः पदवीनंतरच्या शिक्षणाची आणि संशोधनाची जागा होती. बारावीनंतर थेट प्रवेश देणारा चार वर्षांचा विज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम तेथे २०११ साली सुरू झाला. त्याची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. पहिली तीन सत्रे प्रत्येक विद्यार्थ्याला गणित, भौतिकी, रसायन, जीवशास्त्र, अभियांत्रिकी आणि मानव्यविद्या हे सारे शिकावे लागते. मुख्य विषय त्यानंतर ठरतो आणि शेवटच्या वर्षी संशोधन प्रकल्प असतो. २०२२ पासून गणित व संगणनाचा बी.टेक. अभ्यासक्रमही तेथे आहे.

दुसरे दार म्हैसूर रस्त्यावरील भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बेंगळुरू केंद्राचे. तेथील बी.मॅथ. हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम गणितात खरोखर रमणाऱ्या मुलांसाठी आहे. त्याच्या प्रवेशपरीक्षेची ओळख म्हणजे वर्णनात्मक प्रश्नपत्रिका. चार पर्यायांवर खूण करून तेथे भागत नाही. सिद्धता पूर्ण वाक्यांत, पायरीपायरीने लिहावी लागते. तिसरे दार नागरभावीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचे. तेथील प्रवेश ‘क्लॅट’ या परीक्षेतून होतो: दोन तासांत १२० प्रश्न आणि सारे प्रश्न इंग्रजी उताऱ्यांवर आधारलेले. याखेरीज अझीम प्रेमजी विद्यापीठासारखी संस्था आहे. तिची स्वतःची प्रवेशप्रक्रिया असून ती कुटुंबाच्या उत्पन्नानुसार आर्थिक साहाय्यही देते.

या चार संस्थांच्या कसोट्या शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. एक संस्था सर्व विज्ञानशाखांची ओळख मागते, दुसरी गणिती लेखन मागते, तिसरी वेगाने आणि जाणतेपणाने वाचणे मागते. यांतली कोणतीही गोष्ट बारावीच्या सहा महिन्यांत येत नाही. म्हणूनच आठवीपासून तयारी हवी, हे म्हणणे खरे आहे. परंतु बाजारात ‘आठवीपासून तयारी’ या शब्दांचा जो अर्थ विकला जातो, तो निराळा आहे.

‘फाउंडेशन’ या नावाने चालणाऱ्या शिकवण्यांत आठवीच्या मुलापुढे अकरावीचे धडे ठेवले जातात. त्याला सूत्र पाठ होते. ते सूत्र कोठून आले, हे विचारण्याचे वय मात्र निघून जाते. संध्याकाळचे चार तास वर्गात आणि येण्याजाण्यात जातात. खेळ सुटतो, अवांतर वाचन सुटते, झोप कमी होते. दहावी होईपर्यंत मूल दमलेले असते आणि खरी दोन वर्षे त्यानंतर सुरू व्हायची असतात. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, माध्यमिक शालान्त परीक्षेनंतरच द्यावा, असे त्यांत म्हटले आहे. सरकारला हे लिहावे लागले, यातच परिस्थितीचे गांभीर्य आहे.

मग आठवी ते दहावी या तीन वर्षांत काय करावे? याचे उत्तर साधे आहे आणि बहुतांशी या शाळेच्या आवारातच मिळणारे आहे.

आठवीत पाया तपासावा. अपूर्णांक, गुणोत्तर, बैजिक राशी, भूमितीतील मूलभूत रचना यांत कच्चेपणा राहिला असेल तर तो आठवीत दोन महिन्यांत भरून निघतो. अकरावीत तोच कच्चेपणा संपूर्ण भौतिकी अवघड करतो. आठवीची शासकीय शिष्यवृत्ती परीक्षा याच कामी येत असे. आठवीतच राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा, म्हणजे एन.एम.एम.एस., येते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा अधिक नाही, अशा शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांसाठी ती आहे. निवड झाल्यास नववी ते बारावी दरमहा १,००० रुपये, म्हणजे वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ती मराठीतून देता येते. पुस्तके, प्रवासखर्च आणि परीक्षांची शुल्के यांचा मोठा भाग त्यात भागतो. आपल्या मुलाला हे जमणार नाही, असे समजून अर्जच न भरणारे पालक दरवर्षी दिसतात. त्यांनी निदान अर्ज भरावा.

नववीत क्षितिज वाढवावे. मुंबईच्या विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठी असते. तिच्यात लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि मुलाखत असते. हातात उपकरण घेऊन मोजमाप करणे आणि आपण काय केले ते दुसऱ्याला सांगणे, ही सवय बेंगळुरूच्या संस्थेत पहिल्याच सत्रात उपयोगी पडते. गणिताची आवड असलेल्यांनी आठवीपासूनच ऑलिंपियाडची पहिली पायरी चढून पाहावी. आय.ओ.क्यू.एम. या पहिल्या परीक्षेत तीन तासांत तीस प्रश्न असतात. पुढची विभागीय परीक्षा वर्णनात्मक असते: तीन तास आणि अवघे सहा प्रश्न. एका प्रश्नाशी अर्धा तास झुंजत बसणे, वाट चुकली तर परत फिरणे आणि सापडलेली वाट नीट लिहून काढणे, याचे शिक्षण इतर परीक्षांतून मिळणे कठीण. निवड होवो वा न होवो, ही तयारी वाया जात नाही. पुण्याच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानाने आणि मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने या क्षेत्रात दीर्घकाळ काम केले आहे.

दहावीत मात्र दहावीच करावी. पाठ्यपुस्तक पूर्ण वाचावे, प्रत्येक प्रयोग स्वतः करावा, भूमितीची सिद्धता न पाहता लिहावी. गणित आणि विज्ञान यांची दहावीची पुस्तके ज्याला मनापासून समजली, त्याला अकरावीचे पहिले तीन महिने भीतीचे जात नाहीत.

येथे एक इशारा स्पष्ट शब्दांत देणे आवश्यक आहे. दहावीनंतर डॉक्टर व्हायचे म्हणून गणित सोडण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मुलाला गणित जड जाते, ते सोडले तर टक्के वाढतील, हा घरातला हिशेब असतो. परंतु भारतीय विज्ञान संस्थेच्या पदवी अभ्यासक्रमासाठी अकरावी-बारावीत भौतिकी, रसायन आणि गणित हे विषय आवश्यक आहेत. जीवशास्त्रात संशोधन करायचे असले तरी ही अट सुटत नाही. उलट बाजूने, आयसर अभिरुची चाचणीत जीवशास्त्र, रसायन, गणित आणि भौतिकी यांचे प्रत्येकी पंधरा प्रश्न असतात. ही चाचणी बेंगळुरूच्या संस्थेच्या प्रवेशासाठीही चालते. म्हणून ज्याचा ओढा विज्ञानाकडे आहे, त्याने शक्य असेल तर चारही विषय ठेवावेत. अकरावीच्या अर्जावरची एक खूण पुढची कितीतरी दारे बंद करते आणि त्या वेळी घरात कोणाला ते जाणवतही नाही.

आता माध्यमाचा प्रश्न. मराठी माध्यमातील मूल अशा ठिकाणी टिकेल काय, ही शंका पालक हळू आवाजात विचारतात. तिचे उत्तर मोठ्या आवाजात दिले पाहिजे, पण खोटा धीर देऊन नव्हे. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या रोहिणी गोडबोले यांचे उदाहरण घ्यावे. त्या काळी तेथे सातवीपर्यंत मुलींना विज्ञानाऐवजी गृहशास्त्र शिकवीत. शिष्यवृत्ती परीक्षेसाठी त्यांनी विज्ञानाचा निराळा अभ्यास केला आणि शिष्यवृत्ती मिळवली. पुढे राष्ट्रीय विज्ञान प्रतिभाशोध शिष्यवृत्तीने त्यांना विज्ञानाच्या वाटेवर आणले. परशुरामभाऊ महाविद्यालय, मुंबईची आय.आय.टी., अमेरिकेत पीएच.डी., मुंबई विद्यापीठात अध्यापन, आणि १९९५ पासून बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, असा त्यांचा प्रवास झाला. कणभौतिकीत त्यांनी जगन्मान्य काम केले आणि २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या प्रवासाचा आरंभ शालेय शिष्यवृत्तीच्या परीक्षेने झाला होता, हे या सभागृहाने विसरू नये.

तरीही अडचण आहे, हे मान्य केले पाहिजे. जेईई मेन आणि नीट या परीक्षा मराठीतून देता येतात. जेईई ॲडव्हान्स्ड मात्र इंग्रजी आणि हिंदीतूनच असते, आणि बेंगळुरूतील वर्ग तर इंग्रजीतच चालतात. मराठीतून शिकलेल्या मुलाला कल्पना समजलेली असते, शब्द ओळखीचा नसतो. संवेग, त्वरण, संयुजा, विकलन हे शब्द त्याचे आहेत. त्यांची इंग्रजी नावे त्याला परीक्षेच्या खोलीत प्रथम भेटू नयेत. यावर स्वस्त उपाय आहे. आठवीपासून एक वही ठेवावी. डाव्या पानावर मराठी संज्ञा, उजव्या पानावर इंग्रजी, आणि खाली स्वतःच्या शब्दांत एक वाक्य दोन्ही भाषांत. आठवड्याला दहा संज्ञा धरल्या तरी तीन वर्षांत हजाराहून अधिक होतात. त्याच्या जोडीला रोज इंग्रजी वृत्तपत्रातील एक लेख वाचून त्याचा सारांश मराठीत लिहावा. कायद्याच्या शिक्षणाकडे जाणाऱ्या मुलाला तर यासारखी दुसरी तयारी नाही. मातृभाषेत विचार पक्का झालेले मूल दुसरी भाषा विचारासाठी वापरू शकते. ज्याचा विचार कोणत्याच भाषेत पक्का नाही, त्याला माध्यम बदलून काही लाभत नाही.

कागदपत्रांचाही एक शब्द. आधारपत्र, शाळेचा दाखला आणि दहावीची गुणपत्रिका यांवरील नाव आणि जन्मतारीख तंतोतंत जुळते ना, ते नववीतच पाहावे. इतर मागासवर्गातील मुलांना केंद्रीय संस्थांसाठी केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. राज्याच्या नमुन्यातील चालत नाही, आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र चालू आर्थिक वर्षाचे लागते. अभ्यासात जिंकलेले मूल तहसील कचेरीच्या रांगेत हरू नये.

पालकहो, आता थोडे आकड्यांकडे पाहावे. २०२४ साली जेईई ॲडव्हान्स्डला सुमारे १ लाख ८० हजार विद्यार्थी बसले आणि साऱ्या आय.आय.टी. मिळून जागा पावणेअठरा हजारांच्या घरात होत्या. बसलेले सारे आधीच एका चाळणीतून आलेले होते, आणि तरीही दहांपैकी नऊ जणांना जागा मिळू शकत नव्हती. बेंगळुरूच्या विज्ञान संस्थेतील जागा त्याहून कितीतरी थोड्या. म्हणजे उत्तम तयारी करूनही प्रवेश न मिळणे, हा अपवाद नसून बहुतेकांचा अनुभव आहे. ज्या तयारीचे मोल केवळ प्रवेश मिळाल्यावरच ठरते, ती तयारी दहांपैकी नऊ मुलांची चार-पाच वर्षे रिकामी करते. उलट जी तयारी वाचायला, लिहायला, मोजायला आणि प्रश्न विचारायला शिकवते, ती मूल पुणे, नागपूर, कोल्हापूर, बेळगाव, कोठेही शिकले तरी त्याच्याजवळ राहते. कमलाबाई आणि रोहिणीताई या दोघींनी बेंगळुरू गाठले ते पदवीनंतर. बारावीचे दार हे एकमेव दार नाही. पदव्युत्तर आणि पीएच.डी.ची दारे त्याच आवारात, त्याच वृक्षांखाली उघडतात.

परीक्षाही कायमच्या नसतात. किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना १९९९ साली सुरू झाली. तिची परीक्षा भारतीय विज्ञान संस्थाच घेत असे आणि तिच्या आधारे तेथे प्रवेश मिळे. २०२२ मध्ये ती बंद करून ‘इन्स्पायर’ योजनेत सामावून घेण्यात आली. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षाही २०२१ नंतर थांबली. केवळ त्या परीक्षांच्या साच्यात घडवलेल्या मुलांच्या पायाखालची जमीन सरकली. ज्यांनी विषयाचा अभ्यास केला होता, त्यांनी दुसरा अर्ज भरला. म्हणून नियम दरवर्षी संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहावेत. कोणाच्या सांगण्यावर विसंबू नये.

शेवटी हीरक महोत्सवाकडे यावे. साठ वर्षांत या शाळेने हजारो मुलांना लिहायला-वाचायला शिकवले आणि त्यांतील काही आज बेंगळुरूत आहेत. माजी विद्यार्थ्यांनी महोत्सवानिमित्त कमान उभारण्यापेक्षा, महिन्यातला एक शनिवार शाळेला द्यावा. प्रयोगशाळा त्या दिवशी संध्याकाळपर्यंत उघडी ठेवावी. ग्रंथालयात ऑलिंपियाडच्या आणि प्रवेशपरीक्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिकांचे एक कपाट असावे. बेंगळुरूत राहणाऱ्यांनी विज्ञान संस्थेच्या वार्षिक ‘ओपन डे’ला नववीच्या चार मुलांना घरी उतरवून घ्यावे. त्या दिवशी संस्थेच्या प्रयोगशाळा सर्वांसाठी खुल्या असतात. ज्या मुलाच्या घरात कोणी महाविद्यालय पाहिलेले नाही, त्याला एकदा त्या आवारातून चालू द्यावे. कमलाबाईंना वडील आणि काकांमुळे ती जागा ठाऊक होती. म्हणून नकार आल्यावरही तेथे जाऊन उभे राहण्याचे बळ त्यांच्यात होते. ज्या मुलांच्या घरात असे वडील-काका नाहीत, त्यांचे वडील-काका होणे हे माजी विद्यार्थ्यांचे काम आहे.

आठवीच्या बाकावर बसलेल्या मुलाला आज कोणती परीक्षा द्यायची हे ठाऊक नसले तरी चालेल. प्रश्न विचारला तर घरात आणि शाळेत कोणीतरी ऐकून घेईल, एवढे त्याला ठाऊक असले पाहिजे. तेवढी जबाबदारी पालकांनी, शिक्षकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी मिळून उचलावी.